पावसाळ्यात चेनला खाते ती वाळू

पावसात सायकल काढली की गंजून वाया जाते, असं सर्रास म्हटलं जातं. त्या भीतीने चांगल्या चालत्या सायकली मृग लागला की चादरीखाली जातात. गंज चढतो हे खरं, पण चेनवरचा वरवरचा तांबूस थर एका संध्याकाळी निघतो. सायकल झिजते ती वाळूने. रस्त्यावरून उडणाऱ्या पाण्यात खडीचा चुरा, सिमेंटची भुकटी, माती आणि गाड्यांचं सांडलेलं तेल असतं. पुढचं चाक ते उचलून थेट चेनव्हीलवर, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकतीवर मारतं. चेनवरच्या तेलात ते कालवलं गेलं की गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते, आणि आपण पायडल मारत ती पेस्ट प्रत्येक कडीत फिरवत राहतो.

म्हणून पावसाळ्यात तेलाचा नंबर शेवटचा. वाळू येऊच द्यायची नाही, आली तर त्याच दिवशी काढायची, आणि मग तेल.

येऊ न देण्याचं काम मडगार्ड करतं. मागचं मडगार्ड पाठ कोरडी ठेवतं म्हणून सगळे तेच आधी बसवतात, पण सायकल वाचवतं ते पुढचं. सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) चिमट्याने अडकवायची प्लॅस्टिकची पट्टी चेनच्या काहीच कामाची नाही. पुढचं मडगार्ड चाकाला धरून मागे खालपर्यंत यायला हवं आणि त्याच्या टोकाला जमिनीपासून चार बोटं ते वीतभर अंतरापर्यंत लोंबणारा फ्लॅप हवा. दुकानात मिळणारा फ्लॅप बहुधा आखूड असतो. जुन्या ट्यूबचा किंवा प्लॅस्टिकच्या डब्याचा तुकडा कापा, मडगार्डला दोन भोकं पाडा आणि केबल टायने बांधा. खर्च नगण्य, पण चेनव्हील आणि खालचा बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस फिरतो ते बेअरिंग) यांवर येणारा मारा लक्षणीय कमी होतो. जुन्या काळ्या सायकलींना चेन पूर्ण झाकणारं पत्र्याचं कव्हर असतं. रोजच्या वापरासाठी पावसाळ्यात त्याहून चांगली सोय नाही. गिअरच्या सायकलला मागच्या डिरेलरमुळे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागामुळे) ते बसत नाही, एवढीच अडचण.

अपवाद एकच, काळ्या मातीचा. मराठवाड्यात, सोलापूरकडे, विदर्भात पांदणीच्या रस्त्यावर ती ओली माती टायरला थरावर थर चिकटते आणि मडगार्डच्या फटीत इतकी घट्ट बसते की चाकच फिरत नाही. तिथे मडगार्ड काढून ठेवा किंवा रस्ता बदला. कोकणातली लाल माती अशी अडकत नाही, पण ती बारीक असते, सगळीकडे शिरते आणि ब्रेकचे रबर भराभर खाते.

आता चेन. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवती फिरणारा आतल्या पट्टीचा काठ घासतो, जरा जरा फट पडते, आणि शंभराहून जास्त कड्यांच्या फटी मिळून चेन लांब होते. झीज आत होते म्हणूनच वरून चकचकीत दिसणारी चेन चांगली असेलच असं नाही, आणि वरून ओतलेलं तेल आत पोचलंच असंही नाही.

भिजून घरी आल्यावर धुण्या-पुसण्याला लागतात फक्त दहा मिनिटं. सायकल स्टँडवर लावा आणि मगभर साध्या पाण्याने चेन, चकत्या आणि डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या धुऊन काढा. मग जुन्या बनियनचा तुकडा खालच्या बाजूच्या चेनभोवती धरा आणि पायडल उलटं फिरवा. कापड काळं झालं की घडी बदला. डाग फिकट पडेपर्यंत हे करायचं. मग चेन वाळू द्या, पंख्याखाली अर्धा तास पुरतो. ओल्या चेनवर लगेच तेल सोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आत पाणी बसलेलं असतं, तेल वर तरंगतं, पाणी कोंडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी कडी कडक होते. अशी कडक कडी ओळखायची तर पायडल उलटं फिरवत मागच्या डिरेलरकडे बघा. ती कडी छोट्या चकतीवरून जाताना डिरेलर टुणकन उडी मारतो.

चेन वाळली की प्रत्येक रोलरवर (कडीतल्या फिरत्या नळीवर) तेलाचा एक थेंब. चेनची खालची ओळ घ्या आणि तिच्या वरच्या, म्हणजे दात्यांना टेकणाऱ्या बाजूला थेंब सोडा. मास्टर लिंकपासून (चेन जिथे उघडते त्या कडीपासून) सुरुवात केली की फेरी कुठे संपली ते कळतं. साधारण ११४ कड्यांना ११४ थेंब, म्हणजे जेमतेम ५ मिली. मग पायडल वीस-तीस वेळा उलटं फिरवा, तेल आत मुरू द्या, रात्रभर ठेवलं तर उत्तम. निघण्याआधी वरचं तेल कापडाने पुसून काढा. बाहेरच्या पट्ट्या हाताला जवळजवळ कोरड्या लागल्या पाहिजेत. बाहेर राहिलेलं तेल वंगण देत नाही, फक्त वाळू गोळा करतं.

तेल कोणतं, यावर बरेच वाद होतात. पावसात बाटलीवर ‘वेट’ लिहिलेलं घट्ट तेल घ्या. ‘ड्राय’ लिहिलेलं उन्हाळ्यात छान असतं, पण जोराच्या पावसात तासा-दोन तासांत धुऊन जातं आणि चेन चिवचिवायला लागते. शिलाई मशीनचं तेल फार पातळ असतं. रोज घालणार असाल तर चालेल, एकदा घालून आठवडा काढणार असाल तर नाही. खोबरेल तेल घालू नका. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून घालणारे पुष्कळ आहेत, पण त्यात धातूचा कीस आणि काजळी आधीच असते. बाहेरून ग्रीस फासणं त्याहून वाईट, कारण ते पिनेपर्यंत पोचत नाही.

पावसात दर ३००-४०० किलोमीटरला चेन काढून पूर्ण धुवा. तोंड रुंद असलेल्या बाटलीत चेन टाका, ती बुडेल इतकं रॉकेल, डिझेल किंवा टर्पेंटाइन ओता आणि दोन मिनिटं हलवा. काळं झालेलं काढून दुसरं घ्या आणि पुन्हा हलवा. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग ऊन. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ घरात भडकायला ठिणगी पुरते. वापरलेलं रॉकेल गटारात ओतू नका. बरणीत दोन दिवस ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं. बरणीच्या तळाची ती करडी गादी बोटांत चोळून बघा, कचकच लागते. चेनमधून निघालेली वाळू तीच.

झीज मोजायला गेज असेल तर बरं, नसेल तर इंचांची स्टीलची पट्टी पुरते. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणजे १२.७ मिमी. चेन ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. २४ कड्या मोजून येणारी पिन बरोबर १२ इंचांच्या खुणेवर हवी. ती सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर ११ किंवा १२ स्पीडची, म्हणजे मागे तेवढ्या चकत्या असलेल्या सायकलची चेन बदला. १० स्पीडपर्यंत सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबता येतं, बिनगिअरच्या सायकलला तीनपर्यंत. त्यापुढे चालवली तर चकतीचे दातेही त्या लांब झालेल्या चेनच्या मापाने झिजतात. मग नवी चेन टाकली तरी जुन्या दात्यांवर ती बसत नाही आणि चढावर जोर लावला की घसरते. पाय अचानक सुटतो आणि माणूस हँडलवर आपटतो. चेन वेळेवर बदलली तर एका कॅसेटवर (मागच्या चकत्यांच्या संचावर) दोन-तीन चेन सहज निघतात. चेन स्वस्त, कॅसेट महाग, हा हिशोब पावसाळ्यात फारच लवकर समोर येतो.

ब्रेककडे मात्र पैशांपेक्षा जिवासाठी बघा. रिम ब्रेक ओला असताना दाबला की रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मग पकडतं. स्टीलच्या क्रोम रिमवर ही पकड फारच कमी होते, अ‍ॅल्युमिनियमवर त्यापेक्षा बरी राहते. सातशेच्या (७००सी मापाच्या) चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो. ताशी २० किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला अडीचेक फेऱ्या मारतं, म्हणजे पाणी पुसण्यातच काही मीटर निघून जातात. म्हणून वळणाच्या किंवा सिग्नलच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके टेकवून ठेवायचे आणि मग दाबायचे.

आठवड्यातून एकदा चाक काढून रबर उजेडात धरा. काळ्या रबरात चांदीसारखे चमकणारे कण दिसतील. ते रिमचेच तुकडे आहेत. वाळूचा कण रबरात रुततो, रिम खरवडतो, खरवडलेलं अ‍ॅल्युमिनियम पुन्हा रबरात बसतं आणि आणखी खरवडतं. ब्रेक मारताना बारीक ‘खर्रर्र’ येतो तो याचाच. सेफ्टी पिनेच्या टोकाने एकेक कण उकरून काढा, मग रबराच्या तोंडावर ८० किंवा १०० नंबरचा पॉलिश पेपर चार-सहा वेळा फिरवा. रिम साबणाच्या कापडाने पुसा. रिमच्या बाजूवर बोट फिरवल्यावर खोलगट लागली, किंवा कंपनीने ठेवलेली झिजेची खूण पुसली गेली असेल, तर ती रिम ताम्हिणी किंवा आंबोलीच्या उतारावर नेऊ नका. पातळ झालेली भिंत हवेच्या दाबाने फाटते, आणि ती ब्रेक मारतानाही फाटू शकते.

डिस्क ब्रेकला पाण्याचा त्रास कमी, चिखलाचा जास्त. रेझिनचे पॅड शांत असतात, पण लाल मातीत पाहता पाहता संपतात. धातूमिश्रित पॅड आवाज करतात, पण टिकतात. तुमची डिस्क धातूमिश्रित पॅड चालणारी आहे ना, ते तिच्यावरच्या अक्षरांत बघून घ्या. पॅडवरचं मटेरियल अर्धा मिलिमीटर उरलं की बदला. शिमानोची डिस्क नवी असताना १.८ मिमी असते, १.५ झाली की काढायची. ओल्याने येणारी किंचाळी दोन-चार ब्रेकमध्ये थांबते. थांबली नाही तर डिस्कवर तेल लागलंय असं समजा, आणि तेल बहुतेक वेळा चेनवर मारलेल्या स्प्रेचंच असतं. म्हणून चेनला स्प्रे नको, थेंबच.

बेअरिंगच्या बाबतीत एकच आग्रह: मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरला सायकल नेऊ नका. तिथला जोराचा फवारा हब (चाकाचा मधला भाग), बीबी आणि हँडलच्या बेअरिंगच्या कपात पाणी घुसवतो. महिनाभराच्या पावसाने होणार नाही ते नुकसान पाच मिनिटांत होतं. बादली, मग आणि फडकं पुरतं. चाक उचलून रिम दोन बोटांत धरा आणि आडवी हलवा. खटखट लागली तर कोन (हबचे छर्रे दाबून धरणारा निमुळता नट) सैल आहे. फिरवताना बोटांना खरखर लागली तर आत वाळू किंवा पाणी आहे. कप-कोनचा हब उघडल्यावर ग्रीस मधासारखं हवं. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी कालवलं गेलंय. छर्रे काढून रॉकेलमध्ये धुवा. मागच्या हबला साधारणपणे पाव इंची, प्रत्येक बाजूला नऊ असतात, पुढच्याला ३/१६ इंची. मोजून ठेवा, एक घरंगळून हरवतोच. एकाही छर्ऱ्याची चमक गेली असेल तर पूर्ण जोडच बदला, नवे-जुने मिसळू नका.

फ्रेममध्ये पाणी सीटपोस्टच्या फटीतून उतरतं आणि खाली बीबीपाशी साचतं. मुसळधार पावसात दोन-तीन तास चालवली असेल तर सीटपोस्टवर टेपने उंचीची खूण करा, तो उपसा, सायकल उलटी करा आणि पाणी निथळू द्या. परत घालताना पोस्टला ग्रीस लावा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये कोरडा राहिला तर एका पावसाळ्यात असा जाम होतो की करवतीने कापावा लागतो. पायडलच्या आट्यांनाही ग्रीस हवं. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं, हे पाना लावण्याआधी आठवा.

टायरमध्ये हवा कोरड्यापेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे एरवी ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत असाल तर ७०-७२. ओलं रबर सहज कापलं जातं, म्हणून काचेचे तुकडे आणि टायरच्या तारेचे बारीक तुकडे पावसातच जास्त घुसतात. घरी आल्यावर टायरच्या तोंडावरून फडकं फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काहीतरी रुतलंय. पावसात रस्त्याच्या कडेला पंक्चर काढू नका, ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही. दुसरी ट्यूब जवळ ठेवा. लोखंडी झाकणं, पांढरे पट्टे, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांवर वळू नका, ब्रेकही मारू नका. रेल्वे फाटक काटकोनात ओलांडा. साचलेल्या पाण्यातून जाऊच नका, खालचं झाकण जागेवर आहे की नाही ते वरून दिसत नाही.

हस्ताचा पाऊस ओसरला की सायकल पूर्ण उघडायची वेळ येते. खंडेनवमीला हत्यारं आणि गाड्या पुसून पूजेला मांडतात, त्याच्या आदल्या आठवड्यात हे काम करा. आधी चेन मोजा. मग दोन्ही हब, मग हँडलचे कप, मग बीबी. ब्रेकच्या आणि गिअरच्या आतल्या तारा ओढून बघा. कुठे तांबूस दिसली किंवा एक जरी धागा तुटलेला असेल तर तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदला, कारण नवी तार जुन्या गंजलेल्या आवरणात तशीच अडकते. ब्रेकचे रबर आणि पॅड नवे टाका. चेन बदलायला आली असेल तर तीही आता बदला. वेट तेल पूर्ण धुऊन काढा आणि दिवाळीपर्यंतच्या कोरड्या, धुळीच्या रस्त्यांसाठी पातळ ड्राय तेलावर या.