दिवा लागला की तुळजापूर

मोठी गाडी घ्यायचे मनात आले, म्हणून सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीची रुंदी मी वयाच्या ५२व्या वर्षी पहिल्यांदा मोजली. टेप शेजारच्या शिंप्याकडून मागून आणलेला, त्यामुळे तो दोनदा लावावा लागला. समोरच्या घराच्या पायरीपासून आमच्या कट्ट्यापर्यंत ९ फूट २ इंच भरले. मनात असलेल्या गाड्यांपैकी टाटा हॅरियरची रुंदी १,९२२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ६ फूट ४ इंच, आणि तीही आरसे सोडून. उरलेल्या पावणेतीन फुटांत दोन आरसे, शेजाऱ्यांची स्कूटर आणि सकाळी दुधाची किटली घेऊन उभी राहणारी माणसे बसवायची होती. दुसरी, टोयोटा फॉर्च्युनर, रुंदीला थोडी कमी भरते, परंतु लांबीला ४,७९५ मिलिमीटर असल्यामुळे ती कोपऱ्यावर वळणार कशी, हा नवाच प्रश्न उभा राहिला.

वास्तविक माझे रोजचे जाणे-येणे केवढे? अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. घरापासून सहा किलोमीटर, आणि वाटेत गतिरोधक इतके की चौथा गियर टाकायची संधी क्वचितच मिळते. पण मोठी गाडी घेताना माणूस हे सहा किलोमीटर विसरतो आणि पुण्याचे अडीचशे आठवतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे आपण तिष्ठत आहोत, समोर जरा मोकळीक दिसते, पाय दाबताच गाडी निमूटपणे पुढे निघून जाते, हे चित्र त्याला दिसू लागते. ते खोटे नाही. दोन लिटरच्या डिझेल इंजिनाचा ३५० न्यूटन-मीटरचा जोर मिनिटाला १,७५० फेऱ्यांपासूनच हाताशी येतो, त्यामुळे इंजिनाला ओरडायला न लावता ओव्हरटेक होते. चाचणीच्या फेरीत मी हे अनुभवले आणि तिथेच माझा अर्धा निर्णय झाला, हे कबूल केलेले बरे.

उरलेला अर्धा आईच्या गुडघ्यांनी केला. नऊवारीचा ओचा सावरून तिने एक पाय वर टाकला, दुसरा जमिनीवरच राहिला, आणि ती म्हणाली, “हिचा ओटा लई उंच हाय रे.” शोरूममधल्या मुलाने तत्परतेने, “आजी, हे धरा,” म्हणून दाराच्या खांबावरची मूठ दाखवली, तरीही आई आत बसेपर्यंत मी मागे हात देऊन उभाच होतो. तेव्हापासून माझ्या मापांच्या कागदावर ‘पायरी’ हा रकाना सर्वांत वर गेला. आई कारखान्यात येत नाही, पण दवाखान्यात महिन्यातून दोनदा जाते.

करांचा हिशेब मी फार केला नाही. पूर्वी २८ टक्के जीएसटीवर २२ टक्के उपकर बसत असे, २२ सप्टेंबर २०२५पासून सरसकट ४० टक्के झाला. खिशाला तेवढाच आधार. शेवटी जी गाडी घेतली तिचे नाव सांगत नाही. सोलापुरात नाव सांगितले की चहा थंड होईपर्यंत दुसरीच कशी चांगली, हे ऐकावे लागते.

मात्र एक गोष्ट मला कोणी समजावून सांगितली नव्हती. १ एप्रिल २०२०पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि डिझेलच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी अनिवार्यच झाली. अडलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंशांची उष्णता लागते. सहा किलोमीटरच्या अडखळत्या प्रवासात धूर तेवढा तापतच नाही. इंजिन गाळणी तापवण्यासाठी जादा डिझेल सोडते, आपण मध्येच चावी बंद करतो, आणि काजळी तशीच राहते, शिवाय न जळलेले थोडे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. दुसऱ्याच महिन्यात समोर पिवळा दिवा लागला. पुस्तिकेत उपाय लिहिला होता: मोकळ्या रस्त्यावर वेग टिकवून पंधरा-वीस मिनिटे चालवा. शिवाय धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत युरियाचे द्रावण भरावे लागते, हे ऐकून शेती करणारे मेहुणे गंभीरपणे म्हणाले, “आमच्याकडं दोन पोती शिल्लक हायत.” ते पोत्यातले चालत नाही, शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया, असे ते विकतच घ्यावे लागते.

त्या रविवारी काजळी जाळायची म्हणून तुळजापूर रस्त्याला लागलो, आणि रिकामी गाडी कशाला न्यायची म्हणून आईलाही घेतले. वाटेतली तामलवाडी मागे पडली तेव्हा दिवा विझला होता. गाडी तिथूनच वळवता आली असती, पण आईने आधीच हात जोडले होते, म्हणून ४५ किलोमीटर पुरे केले. आता दर रविवारी सकाळी ती अंघोळ उरकून, ओटीचे सामान पिशवीत भरून ओसरीवर बसते आणि मी चावी हातात घेतली की विचारते, “दिवा लागला का रे?”