डॅशकॅम घेताना काय बघायचं आणि वायर कुठून न्यायची

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या काचेवरून रस्ता टिपत राहणारा कॅमेरा. त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘४के’ छापलेलं असतं, आणि गिऱ्हाईक तिथेच भुलतं. आत सेन्सर (चित्र टिपणारी चिप) कुठला आहे हे बारीक टायपात असतं, कधी कधी तेही नसतं. सोनीचा आयएमएक्स ३३५ हा ५ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. ४के चित्राला साधारण ८.३ मेगापिक्सेल लागतात. त्यामुळे ३३५ वाल्या कॅमेऱ्यावर ४के लिहिलेलं दिसलं, तर वरचे पिक्सेल सॉफ्टवेअरने ताणून भरलेत असं समजा. फाइल फुगते, नंबर प्लेट तेवढीच धूसर राहते. खरं ४के हवं असेल तर आयएमएक्स ४१५ किंवा ६७८ शोधा. त्यातही ४१५ चा एकेक पिक्सेल १.४५ मायक्रॉनचा, ६७८ चा २ मायक्रॉनचा. पिक्सेल मोठा म्हणजे प्रकाश जास्त, म्हणून रात्री ६७८ सरस ठरतो. साधा २ मेगापिक्सेलचा आयएमएक्स ३०७ (पिक्सेल २.९ मायक्रॉन) अंधारात अनेक नावापुरत्या ४के कॅमेऱ्यांपेक्षा स्वच्छ चित्र देतो.

नंबर किती अंतरावरून वाचता येईल, याचा हिशोब कागदावर करता येतो. आपल्याकडे चारचाकीची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट ५०० मि.मी. रुंद असते. १० मीटरवरून ती जेमतेम २.९ अंशांत मावते. लेन्स आडवी १२० अंश बघत असेल आणि चित्र १९२० पिक्सेल रुंद असेल, तर अख्ख्या प्लेटच्या वाट्याला ४६ पिक्सेल येतात. त्यात दहा अक्षरं, म्हणजे प्रत्येकाला चार-साडेचार. ‘८’ आणि ‘बी’ यांतला फरक एवढ्यात कळत नाही. १४४०पी (२५६० पिक्सेल रुंद चित्र) मध्ये प्लेटला ६१, खऱ्या ४के मध्ये ९२ पिक्सेल मिळतात, तेव्हा दिवसा काम भागतं. हाच हिशोब उलटा लावला की कळेल, १७० अंशांची लेन्स म्हणजे जाहिरातीपुरती शोभा. तेच पिक्सेल आणखी पातळ पसरतात. खोक्यावरचा आकडा बहुधा तिरप्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो. तो १४० च्या आसपास असलेला बरा.

रात्रीचं गणित वेगळं. एचएसआरपीवर परावर्तक पट्टी असते. आपलेच हेडलाइट तिच्यावर पडले की प्लेट पांढरीफटक होते. डब्ल्यूडीआर (उजेड-अंधाराचा तोल सांभाळणारं सेटिंग) चालू ठेवून एक्स्पोजर -०.३ किंवा -०.७ वर आणलं तर प्लेट थोडी सावरते, बाकी चित्र जरा काळवंडतं. तरी चालत्या गाडीचा नंबर रात्री मिळेलच असं धरून चालू नका. कोण कुठल्या लेनमधून कसा आला, सिग्नल कुठला होता, एवढं मात्र नक्की मिळतं, आणि बहुतेक भांडणांत तेवढंच लागतं.

आता उष्णता. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला उघड्यावर गाडी उभी केली की आतली हवा ६० अंशांपुढे सहज जाते, काचेला चिकटलेला कॅमेरा त्याहून तापतो. लिथियम बॅटरीचा कॅमेरा घेतला तर एक-दोन उन्हाळ्यांत बॅटरी फुगते, कव्हर उचकटतं आणि शेवटची फाइल नीट बंद होणं थांबतं. म्हणून बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा, उष्णता सोसणारा भाग) असलेलाच घ्यायचा. विक्रेत्याला हाच एक प्रश्न विचारला तरी चालेल. सुपरकपॅसिटर वीज गेल्यावर काही सेकंदच कॅमेरा जिवंत ठेवतो, पण फाइल नीट बंद करायला तेवढे पुरतात. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली तर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मात्र मागे पडतं. जीपीएस असलेला कॅमेरा उपग्रहावरून वेळ परत लावून घेतो. टाइमझोन +५:३० आहे का ते एकदा बघा. नुसते पूर्ण तास निवडू देणारी फर्मवेअरही (कॅमेऱ्यातली सॉफ्टवेअर) बाजारात आहेत, आणि अर्धा तास चुकलेली चित्रफीत पोलिसांसमोर नवेच प्रश्न उभे करते.

मेमरी कार्डावर पैसे वाचवणं हा सगळ्यात महागडा कंजूषपणा. पुढचा कॅमेरा १४४०पी आणि मागचा १०८०पी असेल तर दोन्ही मिळून सेकंदाला साधारण ४ मेगाबाइट लिहितात, म्हणजे तासाला १४ जीबीच्या वर. ६४ जीबीचं कार्ड साडेचार तासांच्या आतच भरतं आणि जुन्या फायलींवर पुन्हा लिहायला लागतं, १२८ चं साडेआठ-नऊ तास पुरतं. समृद्धी महामार्गाचे ७०१ कि.मी. एका दमात कापायचे तर १२८ हवंच. रोज तीच जागा पुन्हा पुन्हा लिहिली जाते, म्हणून कार्डावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं आणि यू३ किंवा व्ही३० हा वेगाचा शिक्का असलेलं घ्या. मोबाइलचं साधं कार्ड काही महिन्यांत मरतं, आणि मरताना आवाज करत नाही. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहतो, फाइल मात्र शून्य बाइटची. ऑनलाइन घेतलेलं कार्ड आधी संगणकात घालून एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा, कारण ३२ चं कार्ड १२८ म्हणून विकणारे कमी नाहीत. फॉरमॅट मात्र कॅमेऱ्यातच करा, महिन्यातून एकदा.

बसवायची जागा: आरशाच्या मागे, डाव्या बाजूला, म्हणजे चालकाच्या नजरेआड. लेन्स वायपर फिरतो त्या भागात आलीच पाहिजे, नाहीतर आषाढात सगळा प्रवास थेंबांतून दिसेल. काचेच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यांवर टेप नीट धरत नाही. स्वच्छ काचेवर चिकटवा. गाडीला पुढचा एडास (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्या समोर काहीही आणू नका. फास्टॅगही साधारण याच परिसरात असतो. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर वाचला जाणारा, स्वतःची बॅटरी नसलेला टॅग आहे. धातूचा ब्रॅकेट किंवा वायरचं भेंडोळं त्याला खेटलं की टोलनाक्यावर वाचन अडू शकतं. चार बोटं अंतर सोडा.

काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, कोलीनने नाही. जमलं तर व्हीएचबी (दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणाऱ्या) टेपचा आधार आधी एकटाच चिकटवा, अर्धा मिनिट अंगठ्याने दाबा आणि कॅमेरा दुसऱ्या दिवशी लटकवा. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. थंड किंवा दमट काचेवर लावलेला कॅमेरा पहिल्याच स्पीडब्रेकरला मांडीवर येतो.

एक गोष्ट दुकानदार कधीच सांगत नाही. डॅशबोर्डवरचा गणपती, चकचकीत कव्हर, पांढरा रुमाल, या सगळ्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि दुपारच्या चित्रणात रस्त्यावर तरंगणारे बाप्पा दिसतात. मूर्ती हलवायची नसेल तर सीपीएल फिल्टर (चमक कापणारी, लेन्सवर बसणारी काच) लावा आणि प्रतिबिंब मावळेपर्यंत त्याची कडी फिरवा. रात्री तो प्रकाश खातो, हे धरून चाला. आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची लेन्सपुढे झुलत असेल तर त्याला फिल्टरचा इलाज नाही.

विजेसाठी सगळ्यात सोपा मार्ग लायटर सॉकेटचा. पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही चित्रण) नको असेल तर सॉकेट पुरेसं आहे, आणि बहुतेकांना हा मोड नकोच असतो. दोन्ही कॅमेरे मिळून साधारण ६ वॅट घेतात, १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर. बारा तासांत ६ अँपिअर-तास गेले. लहान हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर सकाळी स्टार्टर कुंथतो. शिवाय उन्हात उभ्या गाडीत चालू असलेला कॅमेरा दुहेरी तापतो. रात्री रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना पार्किंग मोडची गरज पटते. त्यांनी हार्डवायर किट (थेट फ्यूजबॉक्समधून वीज घेणारी वायर) घ्यावं आणि व्होल्टेजची कट-ऑफ, म्हणजे किट आपोआप बंद पडण्याची पातळी, १२.२ किंवा त्यावर ठेवावी. ११.८ वर ठेवली तर बॅटरी जवळजवळ रिकामी झाल्यावरच किट बंद पडेल.

किटच्या वायरींत बहुधा पिवळी कायम विजेची, लाल इग्निशनची आणि काळी अर्थिंगची असते. तरी कागद वाचून खात्री करा. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात ‘दोन मिनिटांत करतो’ म्हणत मुख्य हार्नेसची (गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्यातली) वायर सोलून त्याला जोड मारतात. ते अजिबात करू देऊ नका. पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाला की वॉरंटीच्या दाव्यात पहिलं बोट तिथेच दाखवलं जातं. फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून तिथूनच नवी वायर काढून देणारा जोड) वापरा. गाडीत मिनी, लो-प्रोफाइल मिनी की मायक्रो२ फ्यूज आहेत ते आधी बघून त्याच मापाचा घ्या. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनाच्या ईसीयूचे (नियंत्रक संगणकाचे) फ्यूज सोडून द्या. लायटर सॉकेट किंवा म्युझिक सिस्टिमचा चालेल. कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

टॅपची दिशा जवळपास सगळे चुकवतात. टॅपमध्ये फक्त नवा फ्यूज घाला आणि मल्टीमीटर बीपवर ठेवून बघा, दोन पायांपैकी कोणाचा वायरशी संपर्क लागतो. मग गाडीचा फ्यूज काढून, चावी फिरवून, रिकाम्या दोन खाचांपैकी १२ व्होल्ट कुठे येतात ते शोधा. बीप देणारा पाय त्याच खाचेत गेला पाहिजे. उलटा बसवला तरी कॅमेरा चालतोच, म्हणून चूक कळत नाही. पण मग कॅमेऱ्याचा भारही गाडीच्या मूळ फ्यूजमधूनच जातो. काळ्या वायरीला थिंबल (टोकाची धातूची कडी) लावून ती बॉडीच्या उघड्या धातूवरच्या बोल्टला घट्ट करा. रंग लावलेल्या किंवा प्लॅस्टिकमध्ये घुसलेल्या स्क्रूवर अर्थिंग मिळत नाही, आणि कॅमेरा मधूनच रीस्टार्ट होण्याचं हे नेहमीचं कारण.

वायर छताच्या लायनिंगमध्ये बोटाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खोचत न्या, स्क्रूड्रायव्हरने नको. पुढे ए-पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचा खांब, येतो. तिथे ‘एअरबॅग’ असं कोरलेलं दिसलं तर थांबा. पडदा-एअरबॅग त्याच पिलरमधून उघडते, आणि तिच्या पुढून गेलेली वायर उघडताना अडते किंवा फेकली जाते. पिलरचं कव्हर काढायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा; वायर एअरबॅगच्या मागून, मूळ हार्नेसला झिप टायने बांधून न्या. यात हात बसलेला नसेल तर पिलर टाळून वायर दाराच्या रबरी बीडिंगखालून खाली आणा. दिसायला फरक पडत नाही.

मागच्या कॅमेऱ्याची खरी अडचण डिकीच्या दारात असते. छत आणि दार यांच्यामधल्या रबरी नळीतून वायर काढली नाही तर दार उघडता-मिटताना ती वर्षभरात आतून तुटते, वरून मात्र धड दिसते. नळीतून ओढायला थोडी सिलिकॉन ग्रीस लावा. किटमधली वायर बहुधा ६ मीटरची असते. तीन रांगांच्या गाडीत ती कमी पडते, म्हणून दोरी धरून आधी मोजा. मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या (धुकं घालवणाऱ्या तारांच्या) रेषांवर टेप लावू नका, काढताना रेष सोलून येते.

एफएमवर खरखर सुरू झाली तर दोष बहुधा स्वस्त चार्जरचा. वायर अँटेनाच्या केबलपासून दूर घ्या, चार्जरजवळ फेराइट कोर (वायरीवर चढवायचं, खरखर अडवणारं कडं) बसवा; तरी थांबली नाही तर चार्जर बदला.

सेटिंगमध्ये जी-सेन्सर (धक्का ओळखून फाइल जपून ठेवणारा) ‘लो’ वर ठेवा. ‘हाय’ वर आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा अपघात ठरतो, फाइल कुलूपबंद होते, आणि आठवड्याभरात कार्ड अशाच फायलींनी भरून नवीन चित्रण थांबतं. लूप, म्हणजे एकेका फाइलची लांबी, एक ते तीन मिनिटांचा. माइक बंद केला तरी चालतो, गाडीतल्या गप्पांची नोंद सहसा आपल्याच विरोधात वापरली जाते.

अपघात झालाच तर गाडी बंद करून कार्ड बाहेर काढा, कॅमेरा चालू राहिला तर त्याच फाइलवर पुन्हा लिहिलं जाऊ शकतं. फाइल कापू नका, नाव बदलू नका; व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाते आणि पुरावा म्हणून तिची किंमत घटते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्यातल्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, ज्यात फाइलचा हॅश (फाइलवरून निघणारा, ती बदलली की बदलणारा अक्षर-अंकांचा ठसा) लिहायचा असतो. प्रत काढल्यावर लगेच एसएचए-२५६ हॅश काढून कागदावर उतरवा आणि मूळ कार्ड पाकिटात घालून वरती तारीख-वेळ लिहून ठेवा. कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घाला.