यायले वावरात जा लागत नाही काय?

माझे माहेर आणि सासर यवतमाळ जिल्ह्यातल्या एकाच गावात असल्यामुळे भावाची दहावीतली मुलगी रोज दिवेलागणीनंतर माझ्याकडे अभ्यासाला येते, आणि अभ्यास आटोपला की आम्ही दोघी माझ्या मोबाइलवर अर्धा-पाऊण तास काहीतरी पाहतो. गेल्या दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी आम्ही शाळकरी मुलामुलींची एक हिंदी वेब मालिका लावली होती. तिच्यातली मुले शाळा सुटल्यावर एका कॅफेत बसली, तिथून कोणाच्या तरी गच्चीवर गेली, तिथे त्यांना रात्र झाली, आणि या सगळ्या वेळात एकाही घरातून कोणाला हाक आली नाही. भाची बराच वेळ गप्प राहून पाहत होती. मग तिने विचारले, "आत्या, यायले वावरात जा लागत नाही काय?" म्हणजे, यांना शेतात जावे लागत नाही का? त्या दिवशी शाळा बुडवून ती आईसोबत कापूस वेचायला गेली होती आणि बोंडांच्या सुकलेल्या कडा लागून तिची बोटे सोलली होती.

तिने हे तक्रार म्हणून विचारले नव्हते. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. परंतु या वयाच्या मुलांच्या कथा मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ आवडीने पाहत आले आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच कथांत मला जे खटकत असे पण सांगता येत नसे, ते तिने एका वाक्यात सांगितले.

1998 साली झी टीव्हीवर ‘हिप हिप हुर्रे’ सुरू झाली, आणि पुढे अकरावीसाठी मी यवतमाळला मामाकडे राहायला गेले तेव्हा ती मला पाहायला मिळाली. इंग्रजी शाळेतल्या मुलामुलींच्या मनात काय चालते हाच ज्या मालिकेचा विषय आहे, अशी ती मी पाहिलेली पहिली मालिका. माझ्या वयाचे बोलणे कोणीतरी गंभीरपणे ऐकत आहे, असे मला तेव्हा वाटले, आणि त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे. तरीही त्या मुलांपैकी कोणी आनंदी असो वा दुःखी, प्रत्येकाकडे तो आनंद किंवा ते दुःख निवांतपणे बाळगायला सबंध संध्याकाळ मोकळी असे. मामाकडे राहताना मी पहाटे उठून पाणी भरत असे, रात्री भांडी घासत असे, आणि जे काही मनात येई ते भांडी घासतानाच येई.

आमच्याकडे शाळकरी मुलीचा दिवस मानव विकास योजनेतल्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बसला बांधलेला असतो. बस चुकली की शाळा चुकली, आणि परतीची चुकली तर घरचे लोक वेशीवर येऊन उभे राहतात. वेचणी भरात आली की वर्गातले बाक रिकामे दिसू लागतात. मुलांचे काम वेगळे असते. पंपाची लाइन रात्रीची असली की सोळा वर्षांचा मुलगा बापासोबत हरभऱ्याला ओलित करायला जातो, आणि पीक हाताशी आले की रानडुकरे पिटाळायला मचाणावर जागलीला जातो. या मुलांनाही कोणीतरी आवडते, त्यांचेही मित्रांशी बिनसते, त्यांनाही एखाद्या दिवशी आरशात पाहू नये असे वाटते. फक्त हे सगळे त्यांना दोन कामांच्या मधल्या वेळात करावे लागते. म्हणून किशोरवयाची कोणतीही कथा पाहताना मी आता आधी एवढेच बघते, की या मुलाला स्वतःची म्हणावी अशी जागा आणि स्वतःची म्हणावी अशी घटका कुठे मिळते, आणि तिच्यासाठी त्याला काय मोजावे लागते, हे कथा रचणाऱ्याला ठाऊक आहे का.

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेला आणि 2012 साली प्रदर्शित झालेला ‘शाळा’ या कसोटीला पूर्ण उतरतो. आणीबाणीच्या काळातली ही नववीतली मुले एका अर्धवट राहिलेल्या इमारतीत जमतात. शिक्षकांच्या आणि पालकांच्या नजरेबाहेर असलेली तेवढीच जागा त्यांच्याकडे आहे, आणि कथेतले खरे बोलणे बहुतेक तिथेच होते. त्यांतल्या जोशीला त्याच्या आवडत्या शिरोडकरकडे पाहायला मिळते तेही शाळेच्या वाटेवर, म्हणजे मोजक्या मिनिटांत. त्या मिनिटांची वाट पाहण्यात त्याचा सगळा दिवस जातो, आणि चित्रपट ती वाट पाहणे घाईने उरकत नाही. माझ्या दृष्टीने या वयाचे प्रेम म्हणजे मुख्यतः ही वाट पाहणेच असते. बोलणे आणि भेटणे त्यात फार थोडे.

पण भाचीच्या प्रश्नाचे थेट उत्तर ‘फँड्री’मध्ये आहे. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट 2014 च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला, आणि मी तो आतापर्यंत चार वेळा पाहिला आहे. जब्याला वर्गातली शालू आवडते. काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली तर ती आपल्यावर प्रेम करील असे कोणीतरी त्याला सांगितले आहे, म्हणून तो मित्राला घेऊन माळरानावर त्या चिमणीमागे हिंडतो. ते माळरान हीच त्याची जागा, आणि ती त्याच्याकडून सतत हिसकावली जाते. कधी आई-बाप त्याला मजुरीला ओढून नेतात. जत्रेत तो नव्या कपड्यांत सगळ्यांबरोबर नाचत असताना बाप त्याला हाताला धरून बाहेर काढतो आणि त्याच्याकडे बत्ती धरायचे काम देतो. त्याला काम करावे लागते हे दुःख आहेच, पण त्याहून मोठे दुःख हे आहे की ते काम त्याच्या जातीला नेमून दिलेले आहे आणि ते त्याला शालूच्या देखत करावे लागते. शेवटी सगळे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थांबते, तो प्रसंग पाहताना मला दर वेळी जब्याच्या चेहऱ्याकडे पाहणे जड जाते. त्या काही क्षणांत त्याला थांबता येते, आणि थांबल्यामुळेच त्याला कळते की सगळा गाव आपल्याकडे पाहत आहे. किशोरवयातल्या लाजेबद्दल याहून खरे असे काही मी पडद्यावर पाहिलेले नाही.

जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे स्वतः खेड्यातला शाळकरी मुलगा होता, हेही मला महत्त्वाचे वाटते. पंचविशीतल्या नटनट्यांना गणवेश घालून दहावीत बसवण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की त्यात काही चुकीचे आहे असे आता कोणाला वाटत नाही. पण खऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला आपले हात कुठे ठेवावेत हे कळत नसते, त्याचा आवाज मध्येच फाटतो, आणि हे अभिनयाने आणता येत नाही.

‘सैराट’ मी 2016 च्या मे महिन्यात तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिला. लोक गाण्यांवर नाचत होते आणि पडद्यापुढे जागा उरली नव्हती. माझे मत तेव्हा कोणाला पटले नाही, पण ते अजूनही तेच आहे: या चित्रपटाचा मोठेपणा त्याच्या उत्तरार्धात आहे. विहीर, ऊस, गाणी या सगळ्यांतून आर्ची आणि परशा हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडतात, आर्ची कारखान्यात कामाला जाऊ लागते, परशा डोशाच्या गाडीवर राबू लागतो, आणि प्रेम टिकवायचे म्हणजे रोज सकाळी उठून काय काय करायचे हे दोघांना शिकावे लागते. त्या भागात टॉकीजमधली बरीच माणसे कंटाळून बोलू लागली होती. शेवटच्या दृश्यात मात्र कोणी शब्द काढला नाही. त्यानंतर महिनाभरात आमच्या गल्लीतल्या एका हुशार मुलीचे तालुक्याला जाणे घरच्यांनी बंद केले आणि कारण म्हणून या चित्रपटाचेच नाव घेतले. चित्रपटाने ज्या गोष्टीवर बोट ठेवले होते तीच गोष्ट त्यांनी केली, आणि तिची बारावी राहिली ती राहिलीच. याचे मला आजही वाईट वाटते.

कोचिंगच्या जगावरची, कृष्णधवल चित्रीकरणाची ‘कोटा फॅक्टरी’ ही 2019 ची मालिका भाचीच्या भावाला फार आवडते, कारण त्यालाही अकोल्याला शिकवणीला जायचे आहे. ती प्रामाणिक मालिका आहे. मुलांचा थकवा आणि एकटेपणा तिने चांगला टिपला आहे. परंतु शिकवणीचे पैसे भरताना घरात काय विकले गेले, किती एकर गहाण पडले, ही माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरातली पहिली गोष्ट तिच्यात मला पुरेशी दिसली नाही.

आमच्या बोलीविषयीही मला बोलायचे आहे. वऱ्हाडी बोलणारे पात्र आले की ते हसवण्यासाठीच आले आहे असे मालिकांनी प्रेक्षकांना शिकवले आहे, आणि त्याचा परिणाम असा की आमच्या मुली तालुक्याच्या कॉलेजात गेल्या की पहिल्यांदा ‘मले’ आणि ‘तुले’ गिळायला शिकतात. म्हणूनच जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ 2025 च्या मार्चमध्ये आला तेव्हा मला फार समाधान वाटले. विदर्भातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला हा चित्रपट त्याआधी 2023 मध्ये टोरंटोच्या महोत्सवात गौरवला गेला होता. त्यातली सविता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे माझ्या भाचीहून पाच वर्षांनी मोठी. तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि घरी एकामागून एक पाहुणे तिला पाहायला येतात. बैठकीत तेच पुरुष, तेच पोहे, नाव काय, उंची किती, शिक्षण काय हेच प्रश्न. आणि बाहेर बापाच्या कापसाला भाव नाही. मुलीची घटका इथे कामाने नव्हे तर लोकांच्या पाहण्याने खाल्ली जाते. चित्रपटाच्या आरंभी सविताला एक स्वप्न पडते, ज्यात बैठकीवर बायका बसलेल्या असतात आणि मुलाला प्रश्न विचारले जातात. स्वतःची जागा म्हणून तिच्याकडे तेवढे स्वप्नच आहे. भाचीने तो भाग पाहिला तेव्हा ती हसली, आणि पुढच्या खऱ्या बैठकीला तिने मोबाइल माझ्या हातात परत दिला.

परदेशी मालिकांपैकी ‘अडोलेसन्स’ या 2025 च्या ब्रिटिश मालिकेबद्दलच लिहिते, कारण ती मला सगळ्यांत जवळची वाटली. चार भाग आहेत आणि प्रत्येक भाग एकाच अखंड चित्रणात घेतलेला आहे. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो. शेवटच्या भागात त्याचे आई-वडील एकमेकांशी बोलताना म्हणतात की तो आपल्या खोलीत होता, म्हणून तो सुरक्षित आहे असे आपल्याला वाटत होते. आमच्या घरांत मुलाला वेगळी खोली नसते. बहुतेक घरी सगळे एकाच खोलीत झोपतात. पण टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली तेव्हापासून पांघरुणात उजळणारा तो चौकोन हीच आमच्या मुलांची खोली झाली आहे, आणि तिच्यात कोण येते-जाते हे शेजारी झोपलेल्या बापाला कळत नाही. अर्धवट इमारत, माळरान, विहीर या जागा निदान गावाला माहीत होत्या. या नव्या जागेवर मराठीत अजून कोणी मन लावून कथा केलेली मी पाहिली नाही, आणि ती खेड्यात घडणारी असावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भाचीला मी सध्या ‘फँड्री’ दाखवत आहे. एका बैठकीत पाहणे होत नाही, कारण आठ वाजले की वहिनी हाक मारते. परवा आम्ही डुकराच्या पाठलागापर्यंत आलो होतो. जब्या शाळेतल्या मुलांपासून लपायला आडोसा शोधतो तिथे तिने स्वतःच चित्रपट थांबवला आणि म्हणाली, "आत्या, हे उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी ती वेचणीला गेली, त्याच्या पुढच्या दिवशी चाचणी होती. शेवटची वीस-पंचवीस मिनिटे राहिली आहेत, आणि रविवारी दुपारी तिची आई बाजाराला जाणार आहे.