सिमेंटचं पाणी

"वरून सिमेंटचं पाणी फिरवतो, काम झालं." गवंडी सहज बोलून गेला, पण ते डोक्यातून जाईना.

वर्कशॉपच्या कोब्यावर सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवली, तर मधे पट्टीखाली 12 मिमी फट, म्हणजे कोबा तिथे खोलगट. ड्रिल मशीन डुगडुगणारच! तिथे नुसती सिमेंटची पातळ साय ओतली, तर जुना गुळगुळीत, तेलकट कोबा तिला धरत नाही. पापुद्रे सुटतात.

आधी तेल धुवायचं, छिन्नीने टाचे मारायचे, धूळ काढून कोबा भिजवायचा (साचलेलं पाणी मात्र पुसून घ्यायचं). मग सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्सचा (पकड वाढवणारं दुधासारखं रबरी द्रव) एक हात ब्रशने, आणि तो ओला असतानाच 1:3 मसाला (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) पट्टीने ओढायचा. वर ओलं गोणपाट, 7 दिवस.

टाचे मारण्यातच अर्धा दिवस जातो. म्हणून टाळतात का?