विमानाने नाही, शिडाच्या बोटीने

शुक्रवार रात्र, नाशिक

आज जेवताना अण्णांना सगळं सांगून टाकलं. शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून जायचंय, म्हणजे बोट कुणाची तरी खाजगी, बऱ्याचदा एखादं रिटायर्ड जोडपं नाहीतर एकटा कॅप्टन, आणि लांबच्या टप्प्याला त्यांना एक-दोन जास्तीची माणसं लागतात. पगार नसतो, झोपायला बंक मिळतो आणि किराण्याचा खर्च बहुतेक वेळा वाटून घ्यायचा. मला वाटलं आता ओरडा बसणार, पण त्यांनी पहिलं काय विचारलं तर "वारा कुठल्या महिन्यात असतो गं तिकडे?" जन्म द्राक्षबागेत गेलाय, माणूस हवामानच आधी बघणार.

आणि खरंच तारीख आपल्या हातात नसतेच. अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटी नोव्हेंबरमध्ये कॅनरी बेटांवर लास पाल्मासला जमतात कारण कॅरिबियनचा चक्रीवादळांचा सीझन ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात, तो संपत आला की व्यापारी वारे पाठीवर घेऊन निघायचं आणि साधारण २७०० सागरी मैलांवर कॅरिबियनमधलं सेंट लुसिया बेट गाठायचं, तीन आठवडे धरून चाला. तिथल्या धक्क्यावर लोक बोटीबोटीपाशी जाऊन क्रू पाहिजे का विचारतात आणि काहींना अगदी निघायच्या आदल्या दिवशी जागा मिळते. हे वाचलं की माझा जीव नुसता वरखाली होतो.

पण आपल्या पासपोर्टवर ते इतकं सरळ नाही. लास पाल्मास म्हणजे स्पेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा, त्यात १८० दिवसांत ९०च दिवस, बोट शोधण्यातच महिना गेला तर काय करणार. पुढे कॅरिबियनमधलं मार्टिनिक बेट फ्रान्सचं असलं तरी तो व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. शिवाय बंदरात उतरताना आपलं नाव कॅप्टनच्या क्रू लिस्टवर असतं आणि बोट सोडली तरी आपण तो देश सोडून जाऊ याची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी त्याच्याच गळ्यात पडते, त्यामुळे परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला आहेत का हे तो विचारणारच, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. माझं ठरलंय, आधी हिंदी महासागर. जानेवारी ते मार्च ईशान्येचा वारा असतो तेव्हा थायलंडच्या फुकेतहून बोटी श्रीलंकेकडे आणि पुढे मालदीवला येतात, मालदीवला आपल्याला पोचल्यावर व्हिसा मिळतो. फुकेत ते श्रीलंकेतलं गॉल बंदर साधारण ११०० सागरी मैल. पाच नॉटचा, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांचा वेग धरला तर दिवसाला १२० मैल, म्हणजे नऊ-दहा दिवस समुद्रातच.

आईचं म्हणणं, तुला तिथे कोण घेणार, तू काय कोळ्याची पोर आहेस का. मी तिला आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सांगितला, दुष्काळी तळेगाव रोहीचा मुलगा २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवत होता. आणि तारिणी सांगितली, २०१७-१८मध्ये नौदलाच्या सहा बायका त्या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघून जगाला फेरी मारून परत आल्या. त्या ट्रेन्ड ऑफिसर होत्या हे मला कळतं, म्हणूनच तर मी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन गेटवेच्या समोरच्या पाण्यात शीड चढवायला शिकतेय. बोलाइनची गाठ आता डोळे मिटून येते. शीड एका बाजूवरून दुसरीकडे जाताना खालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, सपकन फिरतो, तेव्हा डोकं कसं खाली ठेवायचं ते अंगात भिनलंय.

पण कॅप्टनला गाठींपेक्षा जास्त काय हवं असतं तर रात्री जागणारा माणूस. तीन-चार तासांची पाळी, बाकीचे झोपलेले, अंगावरचा पट्टा, म्हणजे हार्नेस, दोरीला अडकवलेला, आणि आपण दर काही मिनिटांनी उठून चहूबाजूंनी क्षितिज बघायचं, कारण मालवाहू जहाजाचा दिवा दिसल्यापासून ते अंगावर यायला वीसेक मिनिटंही पुरतात. शंका आली तर कॅप्टनला उठवायचं, न लाजता. आणि दुसरं म्हणजे स्वयंपाक. बोट कलते तशी शेगडी झुलत राहते, उघडं पातेलं धोक्याचं, म्हणून लांब पल्ल्याचे कितीतरी लोक प्रेशर कुकर वापरतात, झाकण घट्ट बसतं ना. मुगाची खिचडी, कांदेपोहे, पिठलं, हे मी कमी पाण्यात आणि एका हाताने आधार धरूनही करू शकते. गोडं पाणी मोजून वापरायचं असतं, ते मला कुणी शिकवायला नको, मामाच्या गावाला येवल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतच मोठी झालेय.

कॅप्टनने मला निवडायचं तसं मीही त्याला निवडणार. एकटी मुलगी म्हणून तर नक्कीच. आधीच्या क्रूपैकी दोघींशी तरी फोनवर बोलायचं, बंदरात पोचल्यावर चार दिवस बाहेर खोली घेऊन राहायचं, एक दिवस त्याच्याबरोबर समुद्रात फिरून यायचं आणि तो चिडल्यावर कसा बोलतो ते बघायचं. लाइफराफ्टची, म्हणजे जीव वाचवायच्या फुगवता येणाऱ्या तराफ्याची, सर्व्हिसिंग कधी झाली, संकटात उपग्रहामार्फत आपली जागा कळवणारं ईपर्ब यंत्र रजिस्टर आहे का, हे तोंडावर विचारायचं. पासपोर्ट माझ्याच बॅगेत. ज्याला हे प्रश्न आवडणार नाहीत त्याच्या बोटीवर मी पाय ठेवणार नाही, वारा कितीही चांगला असो.

अण्णांनी नंतर भिंतीवरचं कालनिर्णय काढून जानेवारीचं पान बघितलं, म्हणाले द्राक्षांच्या काढणीचं आम्ही बघू, तू तुझं बघ. आता कॅप्टन लोकांना पाठवायचं पत्र पक्कं करतेय. वय, पासपोर्टची मुदत, शिकलेलं काय आणि न शिकलेलं काय, बोट लागली तर स्टुजेरॉनची गोळी चालते हे, आणि खिचडी. उद्या सकाळी पहिलं पाठवते.