नोकरी शोधताय? ऑफिसात कळू देऊ नका
आयटीत बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांचा नोटिस पिरियड असतो, म्हणजे राजीनामा दिल्यावरही तेवढे दिवस तिथेच काढायचे, त्यामुळे ऑफर हातात येईपर्यंत जवळच्या टीममेटलाही काही बोलू नका, चहाच्या टपरीवरचं बोलणं संध्याकाळपर्यंत मॅनेजरच्या कानावर जातं. लिंक्डइनवर ती हिरवी ‘ओपन टू वर्क’ची पट्टी अजिबात नको, फक्त रिक्रूटर्सना दिसेल असा पर्याय आहे तो घ्या, पण पूर्ण गुप्ततेची खात्री लिंक्डइन स्वतःच देत नाही बरं का. नोकरी डॉट कॉमवर आपली कंपनी ब्लॉक करता येते, आपल्या कंपनीच्या ग्रुपमधल्या बाकीच्या कंपन्याही त्या यादीत आठवणीने टाका. ऑफिसच्या लॅपटॉपवर रेझ्युमे उघडूच नका, वायफायसुद्धा नको. आणि रेफरन्समध्ये सध्याच्या मॅनेजरचं नाव ऑफर लेटर येईपर्यंत देऊ नका, नवीन एचआरला सरळ सांगा, चांगले लोक समजून घेतात.