पाच पोर्ट्रेट आणि रामबागेतील एक गल्ली

छायाचित्रणाच्या पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात आम्हाला पोर्ट्रेटच्या पाच असाइनमेंट होत्या: केवळ खिडकीच्या प्रकाशात काढलेले व्यक्तिचित्र, माणूस त्याच्या कामाच्या जागी, समूहचित्र, चेहरा न दाखवता काढलेले व्यक्तिचित्र आणि स्वतःचे व्यक्तिचित्र. वर्गातील बहुतेकांनी महेश्वर, मांडू किंवा उज्जैनचे बेत आखले. घाटावरचे साधू आणि महेश्वरचे विणकर म्हणजे पोर्ट्रेटसाठी आयते चेहरे, असा समज आमच्याकडे पक्का आहे. नेमक्या त्याच सुमारास आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. बाबांची नोकरी पीथमपूरला, आजीचे वय पंच्याऐंशीच्या पुढे, त्यामुळे इंदूरच्या रामबागेतील आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरापलीकडे मला जाता येणार नव्हते. सरांना तसे सांगितल्यावर ते एवढेच म्हणाले, की माणसे जवळची घे, पण चित्रे घरच्या अल्बममधली वाटता कामा नयेत.

ही अट किती अवघड आहे ते काम सुरू केल्यावर कळले. अनोळखी माणूस कॅमेऱ्यासमोर बुजतो, पण निदान तो काहीतरी नवा असतो. ओळखीच्या माणसाने आपल्यासाठी एक चेहरा कायमचा ठरवून ठेवलेला असतो आणि आपणही त्याच्याकडे त्याच ठरलेल्या नजरेने पाहत असतो. कॅमेरा वर केला की शेजारच्या काकू लगेच मुंजीच्या पंगतीतल्यासारखे हसू आणतात. ते हसू ओसरेपर्यंत थांबायचे, आणि तेवढ्या वेळात त्यांना कंटाळाही येऊ द्यायचा नाही, हेच पुढचे सगळे काम होते.

साहित्य मोजकेच होते. संस्थेकडून मिळालेला एपीएस-सी, म्हणजे पूर्ण आकारापेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा आणि ५० मिमी, एफ/१.८ ची लेन्स. अशा सेन्सरवर ही लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवरील साधारण ७५ ते ८० मिमीसारखी वागते, म्हणजे दृश्याचा कमी भाग टिपते. चेहऱ्यासाठी ती उत्तम, परंतु जुन्या वाड्यातील दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी माणूस कमरेपर्यंतच मावतो. १८ मिमीची रुंद कोनाची लेन्स लावून जवळ जाण्याचा मोह होतो, पण एका हातावरून चेहरा टिपला की नाक पुढे येते आणि कान मागे जातात. म्हणून मी कॅमेरा ओसरीत ठेवला, दाराच्या चौकटीतून आतल्या खोलीत पाहिले, आणि जागेचा प्रश्न तिथेच मिटला.

खिडकीच्या प्रकाशाची असाइनमेंट आजीवर करायचे ठरले. तिच्या खोलीची खिडकी उत्तरेकडे आहे, म्हणजे थेट ऊन सहसा आत येत नाही आणि सकाळभर प्रकाश मऊ व एकसारखा राहतो. खिडकीच्या अगदी जवळ बसवले की चेहरा उजळतो आणि मागची भिंत आपोआप काळोखात जाते, त्यामुळे भिंतीवरचे कॅलेंडर, देवांच्या तसबिरी आणि औषधांची फळी लपवण्याचे वेगळे कष्ट पडत नाहीत. अडचण निघाली ती दुसऱ्याच भिंतीची. तिला पिस्ता रंग दिलेला आहे, आणि खिडकीतून आलेला प्रकाश तिच्यावरून परतून आजीच्या गालाच्या सावलीतल्या बाजूवर हिरवट झाक टाकत होता. डोळ्यांना ती जाणवत नव्हती. संगणकावर मात्र आजी आजारी दिसत होती. माळ्यावर गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोल होता. त्याचा मोठा तुकडा भिंतीच्या आणि आजीच्या मध्ये उभा केला, तेव्हा हिरवा रंगही अडला आणि सावलीत पांढरा प्रकाशही मिळाला. चष्म्याच्या काचेतले खिडकीचे प्रतिबिंब घालवण्यासाठी चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलल्या. त्याने काचा थोड्या खाली झुकतात आणि डोळे दिसू लागतात.

एवढे होऊनही आजी ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर समोर, श्वास रोखलेला. तिच्या पिढीसाठी फोटो ही स्टुडिओत जाऊन, पदर नीट करून काढण्याची गोष्ट होती. त्या ताठरपणाचे मूळ आणखी मागे जाते, आणि योगायोग असा, की त्यातला एक मोठा अध्याय आमच्याच गावचा आहे. पुढे नामांकित छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले, १८७० च्या दशकात त्यांनी येथेच कॅमेरा हाती घेतला आणि इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा त्यांना आश्रय लाभला. त्या काळच्या ओल्या काचपट्टीवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, माणूस हलला की चेहरा पुसट होई. म्हणून स्टुडिओत डोक्याच्या मागे आधाराला लोखंडी चिमटा लावीत. चिमटा गेला, पण स्तब्ध बसण्याची शिस्त घराघरांत उरली. याच इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) आणि महाराणी संयोगिता यांची अमेरिकन छायाचित्रकार मॅन रे यांनी काढलेली छायाचित्रे आम्हाला वर्गात दाखवली होती. त्यांत ती दोघे इतकी मोकळी हसतात, की राजघराण्याच्या दरबारी चित्रांशी त्यांचे नाते जुळवणे कठीण जावे. आजीकडून तसल्या हसण्याची माझी अपेक्षा नव्हती, फक्त तिने श्वास सोडावा एवढेच हवे होते.

मग मी तिला कापूस दिला. वाती वळताना ती खाली पाहते, ओठ किंचित मुडपते, अंगठा आणि तर्जनी राखेत बुडवून कापसाला पीळ देते, आणि या कामात ती इतकी मुरलेली आहे, की कॅमेरा तिच्या खिजगणतीतही राहिला नाही. फक्त मान खाली असल्याने डोळे मिळत नव्हते. त्यासाठी अधूनमधून प्रश्न विचारायचे, पण असे, की ज्यांचे उत्तर देण्यासाठी आठवावे लागेल. ‘तू कशी आहेस’ याने काहीच होत नाही. ‘तुमच्या वेळी खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांना काय पडायचे गं?’ असे विचारले, तेव्हा तिने मान वर केली, खिडकीबाहेर पाहिले आणि हिशेब करू लागली. दोन्ही बुबुळांत खिडकीचा चौकोन उमटलेला आहे, बोटांत अर्धी वात आहे. तेच चित्र मी दिले.

कामाच्या जागेसाठी गल्लीच्या तोंडावरचा पोह्यांचा ठेला होता. आमच्याकडे पोह्यांचे पातेले उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात, त्यामुळे सकाळभर त्याच्याभोवती वाफ असते, आणि सूर्य ठेल्याच्या मागून उगवत असल्याने ती उजळते. ठेल्याचे मालक मला शाळेपासून ओळखतात. मी कॅमेरा काढताच ते म्हणाले, ‘पहले पोहा खा लो, फोटो कहाँ भाग रही है.’ ते ऐकण्यातच शहाणपण होते, कारण शेव, कांदा, जीरावन मसाला आणि शेजारी जिलबी असा पुडा संपेपर्यंत गिऱ्हाइकांची गर्दी वाढली आणि ते मला विसरून गेले. तांत्रिक पेच असा, की मागून ऊन असल्यावर चेहरा काळा पडतो, आणि चेहऱ्याप्रमाणे एक्स्पोजर (आत घ्यायच्या प्रकाशाचे प्रमाण) ठेवले तर वाफ पांढरीफटक होऊन तिचा तपशील जातो. समोरच्या घराला नुकताच पांढरा रंग दिलेला होता. ऊन त्या भिंतीवर पोहोचले, की तिथून परतणारा प्रकाश थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडे, आणि ही वेळ साधारण कचरागाडी गाणे वाजवत येऊन गेल्यानंतरची असे. ठेल्यावरचा पिवळा बल्ब मात्र विनंती करून बंद करवून घेतला, कारण उन्हाचा आणि बल्बचा असे दोन रंग एकाच चेहऱ्यावर आले, की मग रंग जुळवणारा कोणताही व्हाइट बॅलन्स दोघांना न्याय देत नाही. शटर १/६० सेकंदावर वाफ धुक्यासारखी सपाट पसरत होती, १/२५० वर तिचे लोट सुटे दिसू लागले.

चित्रांइतकाच वेळ कागदाने घेतला. प्रत्येक व्यक्तीची लेखी संमती जोडायची होती आणि संस्थेचा छापील नमुना इंग्रजीत होता. वर्षानुवर्षे ओळखणारी माणसे फोटोला हसत तयार होतात आणि सहीचा कागद पुढे केला की गंभीर होतात. त्यात चूक त्यांची नाही. सही मागणारा इंग्रजी कागद घरात सहसा चांगल्या कामासाठी येत नाही. मी त्याच मजकुराचे मराठीत आणि हिंदीत हाताने लिहिलेले कागद केले, चित्र कुठे दाखवले जाईल ते त्यात स्पष्ट लिहिले, आणि कॅमेरा काढण्याच्या आधी, चहाच्या वेळी, ते वाचून दाखवले. पोर्ट्रेट शिकवताना या भागावर कोणी फारसे बोलत नाही. माझ्या मते तो प्रकाशयोजनेइतकाच शिकवायला हवा.

समूहचित्रासाठी आमच्या अंगणात एकादशीला जमणारे भजनी मंडळ होते. पावसाळ्यात बांधलेली निळी ताडपत्री अजून उतरवलेली नव्हती आणि तिच्याखाली सगळ्याजणी निळ्या दिसत होत्या, म्हणून आधी ती सोडवली. त्यानंतर बसण्याचा क्रम. माझ्या मनात उंचीप्रमाणे रचना होती. मंडळाच्या मनात वय, मान आणि कोण कोणाची विहीण हे होते, आणि तो क्रम माझ्या क्रमापेक्षा चित्रासाठी अधिक बोलका ठरला: ज्येष्ठ बायका खुर्च्यांवर, लेकी-सुना मागे उभ्या, आणि पेटीवाल्या मावशी बाजूला, कारण पेटी सोडून त्या उठायला तयार नव्हत्या. दोन रांगा स्पष्ट याव्यात म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, लहान करून एफ/८ ठेवले आणि पुढच्या रांगेवर फोकस केला. ‘तयार?’ म्हटले की कोणीतरी हटकून डोळे मिटते. म्हणून मी काही न बोलता ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून उभी राहिले. एक अभंग संपला, पेटीवर पुढचा सूर धरला गेला, आणि सगळ्याजणी सुरुवातीची वाट पाहत पेटीकडे वळल्या. कॅमेऱ्याकडे एकीचेही लक्ष नाही, तरी त्या एकत्र आहेत हे त्या क्षणी सर्वांत स्वच्छ दिसते.

चेहरा न दाखवण्याची असाइनमेंट आईने सोडवली. रुग्णालयातून आल्यावर तिने बजावले, ‘या अवतारात माझा एकही फोटो नको.’ मी विचारले, ‘हात चालतील?’ तिने विचार करून होकार दिला. वॉकरच्या राखाडी मुठींवर तिचे हात आहेत. एका मनगटात काचेच्या बांगड्या, दुसऱ्या हातावर सलाइनच्या चिकटपट्टीचा फिकट चौकोन आणि त्याच्या कडेला जांभळा डाग. बोटांची पेरे पांढरी पडली आहेत, कारण सारा भार तिथे आहे.

स्वतःच्या चित्राबद्दल सांगण्यासारखे थोडेच. मी उभी राहणार तिथे स्टुलावर झाडू उभा करून फोकस घेतला, तो मॅन्युअलवर पक्का केला आणि टायमर लावला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की सगळी माणसे एकाच गल्लीतली का. मी आईच्या शस्त्रक्रियेचे कारण सांगितले आणि त्यापुढे हेही सांगितले, की आता बाहेर जायला मोकळीक मिळाली असती, तरी वाती आणि पेटी ही दोन चित्रे मी बदलली नसती. आईच्या हातांवर ते बराच वेळ थांबले. स्वतःच्या चित्राला त्यांनी ‘अभ्यास’ म्हटले, ते योग्यच होते. गुण समाधानकारक मिळाले. प्रत्येकाला आठ बाय बाराची एक प्रत देण्याचे कबूल केले होते, त्या प्रती वाटून झाल्या आहेत. पोहेवाल्यांनी त्यांची प्रत ठेल्यावर न लावता घरी नेली, तेलाने खराब होईल म्हणून. भजनी मंडळात मात्र त्या दिवशी माहेरी गेलेल्या दोन वहिन्यांनी हरकत घेतली आहे, आणि त्यांचे म्हणणे असे, की त्यांच्याशिवाय ते मंडळाचे चित्रच नव्हे. येत्या एकादशीला पुन्हा ट्रायपॉड लावायचा आहे, आणि या वेळी कोणी कुठे बसायचे ते आधीच ठरले आहे असे मला कळवण्यात आले आहे.